भूतखात्याचे फौजदार

आमच्या वाडीतला पत्र्याचा माणूस माझ्या चुलत भावानं केला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारायचा मोह मला होणार आहे. गेली कित्येक वर्षं मी तो मारतच आले. पण त्या माणसाच्या अंगातला सदरा मी आणून दिला होता.

तेव्हा महाराष्ट्र अजून व्हायचा होता, आम्ही मुंबई राज्यात होतो. डहाणूहून घोलवडकडे जाताना आमची चिकूची वाडी लागे. खाडीचा एक फाटा आत शिरून थेट वाडीच्या मागच्या कुंपणापर्यंत आलेला होता. भरतीला त्यात होडी तरंगे, ओहोटीला नुसता चिखल आणि खेकडे. मी दहा वर्षांची होते. चुलत भाऊ तेरा-चौदाचा. त्याचे आईवडील गेलेले, म्हणून तो आमच्याकडे राहून डहाणूच्या शाळेत जात असे. हुशार होता, पण उंटावरचा शहाणा. कुठल्याशा मासिकात त्यानं परदेशातल्या यंत्रमानवाचं चित्र पाहिलं, आणि तेव्हापासून त्याला घरातला एकही डबा रिकामा दिसेना.

चिकूचा शत्रू म्हणजे वाघळं. रात्री थव्यानं येतात आणि पिकत आलेलं फळ चावून टाकतात. त्यांना हाकलायला झाडांवर रॉकेलचे रिकामे डबे टांगलेले असत. आत एक लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याला दोरी, आणि सगळ्या दोऱ्या खाडीच्या बाजूला असलेल्या रखवालदाराच्या खोपीत आणून सोडलेल्या. आमचा रखवालदार तलासरीकडचा वारली होता. तो दोन दोऱ्या पायांच्या अंगठ्यांना बांधून पडल्यापडल्या डबे वाजवी. एकदा उजवा पाय, एकदा डावा. माझी आई म्हणे, हा झोपेतसुद्धा पाय हलवतो, याला पगार झोपेचाच.

त्या वर्षी श्रावणात तो तापानं गेला. त्याची बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी वाडीमागच्या पाड्यावर राहत. बायको आमच्याकडेच चिकू खुडायला येई. ती कमी बोलणारी होती. झाडाखाली भाकरी खायला बसली तरी सगळ्यांपासून हातभर लांब बसायची. पुढं हेच तिच्यावर उलटलं.

बाबांनी नवा रखवालदार काही ठेवला नाही. आज ठेवू, उद्या ठेवू करत दिवाळी आली. सुट्टीत चुलत भावानं जाहीर केलं की रखवालदार तो तयार करणार, आणि हा रखवालदार जेवणार नाही, आजारी पडणार नाही आणि मरणारही नाही. बाबांना ही कल्पना फारच आवडली. त्यांनी हसत हसत गोदामातले डबे काढून दिले. मला आज त्या हसण्याचा राग येतो, पण तेव्हा मीही हसले होते.

चार दिवसांत माणूस उभा राहिला. एकावर एक दोन रॉकेलचे डबे म्हणजे पोट आणि छाती, वर तुपाचा गोल डबा म्हणजे डोकं, डोळ्यांना नारळाच्या करवंट्या आणि ओठांवर डांबरानं काढलेली मिशी. उजवा हात लाकडाचा, खांद्याशी खिळ्यावर फिरणारा. दोरी ओढली की हात वर जाई, सैल सोडली की धाडकन छातीवर आपटे. दोरीसाठी वेगळी खटपट केली नाही. रखवालदाराच्या जुन्या दोऱ्यांच्या जाळ्यातलीच एक त्यानं त्या हाताला बांधली. तिचं दुसरं टोक नेहमीसारखं खोपीत.

नागडा माणूस बरा दिसेना. मी खोपीत जाऊन खुंटीवरचा खाकी सदरा आणला. त्याला अजून विडीचा वास येत होता. सदरा कोणाचा ते मला माहीत होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनाला शिवलंही नाही. नवा रखवालदार, म्हणून रखवालदाराचा सदरा. इतका सरळ विचार.

दोन रात्री भावानं खोपीत बसून डबा वाजवला. तिसऱ्या रात्री डास चावले. मग शाळा सुरू झाली आणि यंत्रमानव वाडीच्या मधोमध उभा राहिला तो राहिलाच. खोप पावसानं आधीच कलली होती, ती पुरती बसली. तिच्याकडे कोणी फिरकेना.

कार्तिकी पौर्णिमेला भर दुपारी बारा वाजता तो वाजला.

माणसं झाडाखाली जेवायला बसली होती. मी आईचा निरोप घेऊन गेले होते, म्हणून मी हे स्वतः पाहिलं. वारा पडलेला. एक पान हलत नव्हतं. पत्र्याच्या माणसानं हात हळूहळू वर केला, काही वेळ तसाच धरला आणि छातीवर आणला. ठण्ण. मग पुन्हा वर. घाई नाही, गडबड नाही. अगदी रखवालदाराची चाल. सदऱ्याची बाही हातावरून खाली घसरत होती. माणसं भाकरीची फडकी गोळा करून उठली आणि माझ्या बाजूनं, मी तिथं नाहीच अशी, पुढं निघून गेली. रखवालदाराची बायको तेवढी बसून राहिली. ती त्याच्याकडे बघत होती. ती घाबरली होती असं मला वाटलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाबांना साहजिकच चुलत भावाचा संशय आला. त्याला दोन फटके मिळाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी आम्हाला ओट्यावर ओळीनं बसवलं. मी, चुलत भाऊ आणि आमची मैत्रीण. ही मैत्रीण मासळी विकायला येणाऱ्या मावशीची मुलगी. तिचा बाप मच्छीमार. आई गावात टोपली फिरवून येईपर्यंत ती आमच्याकडे खेळत असे. शाळेत जात नव्हती, पण तिला जे ठाऊक होतं ते आमच्या मास्तरांना ठाऊक नव्हतं. तर आम्ही तिघं बाबांच्या डोळ्यांसमोर, हात मांडीवर ठेवून बसलो. बारा वाजले, काही नाही. बाबांचा चेहरा खुलला. पाऊण वाजता आतून आवाज आला. ठण्ण. बाबांनी काठी घेतली, वाडीच्या फाटकापर्यंत गेले, आणि ऊन फार आहे म्हणून परत आले. मार्गशीर्ष तोंडावर आला होता, ऊन कसलं? पण ते बोलायची कोणाची छाती नव्हती.

तीन-चार दिवस वाजून तो गप्प झाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढची अमावास्या आली आणि बाराच्या ठोक्याला तो पुन्हा वाजला. पौर्णिमा आणि अमावास्या. आता शंकेला जागाच उरली नाही. रात्रीही वाजे, पण रात्री आम्ही डोक्यावरून पांघरूण घेऊन ऐकलंच नाही असं ठरवत होतो. खुडायला येणारी माणसं यायची थांबली. फळ झाडाखाली पडून सडू लागलं आणि त्याचा आंबूस गोड वास घरात जेवताना येऊ लागला.

तेव्हा चुलत भावानं भूतखातं काढलं. तो स्वतः फौजदार, मी जमादार आणि मैत्रीण शिपाई. शिपाई व्हायला ती तयार नव्हती. ती म्हणाली, मग मी येत नाही. शेवटी तिघंही फौजदार झालो. फौजदारसाहेबांचा पहिला सिद्धांत असा की भूत माणसाला धरतं, भुताला धरत नाही. तेव्हा आपण भुतासारखे दिसलो की ते आपल्याला आपलंच समजेल आणि तपास बिनधोक होईल. करंड्यांत घालायचे जुने कागद भिजवून, कणकेची खळ लावून, आम्ही तीन मुखवटे केले. माझ्या राक्षसाला शिंगं होती. मैत्रिणीच्या राक्षसाला तिनं खरे माशाचे दात लावले, त्यामुळं त्याच्याजवळ कोणाला बसवेना.

अमावास्येनंतरच्या दुपारी तीन राक्षस वाडीत शिरले. मुखवट्यांची भोकं बारीक. फौजदारसाहेबांना समोरचा पाण्याचा पाट दिसला नाही, ते सरळ त्यात बसले. मी शिंगांसकट फांदीत अडकले. तेवढ्यात विसरलेली चिकू खुडायची जाळीची काठी न्यायला एक बाई आली होती, तिनं आम्हाला पाहिलं. ती काठी तिथंच टाकून गेली. संध्याकाळपर्यंत गावात पक्की बातमी होती की आमच्या वाडीत आता चार भुतं आहेत. त्यातल्या एकाला मासळीचा वास येतो.

हा भाग मी नातवंडांना नेहमी सांगते आणि ती पोट धरून हसतात. त्यांच्यासाठी गोष्ट इथंच संपते.

फळ सडत होतं म्हणून बाबांनी भगताला बोलावलं. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. पुढं आमच्या घरात ही गोष्ट निघाली की मोठी माणसं मान हलवत, पाड्यावरच्या लोकांच्या समजुती, आपण काय करणार. भगताला आम्ही बोलावलं. आशागडकडून बैलगाडी पाठवून आणलं. कोंबडी आमची, नारळ आमचा. माझी आई आणि धाकटी काकू न्हाऊन, नवी लुगडी नेसून ओट्यावर उभ्या होत्या.

भगत म्हातारा होता, शांत होता. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सकाळीच आला. पाड्यावरची माणसं जमली. त्यानं पानावर तांदळाचे दाणे टाकून पाहिले, पुन्हा पाहिले. कोणाचं नाव घेतलं नाही. बाराला पत्र्याच्या माणसानं हात उचलला. सगळ्यांदेखत. भगत त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि त्यानं एकच प्रश्न विचारला.

"सदरा कोणाचा?"

सगळी डोकी एका बाजूला वळली. हातभर लांब बसणारी ती बाई मुलीचा हात धरून उभी होती. मी काकूच्या पदराआड होते. मीच आणला तो सदरा, एवढे चार शब्द. मी पदर तोंडावर ओढून घेतला. मग खुडणाऱ्यांचा मुकादम बोलला, मग दुसरं कोणी बोललं. हिनंच नवऱ्याला खाल्लं. मेल्यावरही हिचं मन भरलं नाही, त्याला उठवून राबवते. भुताळी आहे. भगतानं हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. चतुर्थीला पाड्यावर उतारा करायचं ठरलं. त्यानंतरही डबा वाजला तर पुन्हा बघू. थांबला, तर मात्र भूत हिचंच होतं हे नक्की, आणि मग ती पाड्यावर नको.

त्या दिवसापासून पाड्याच्या विहिरीवर तिला पाणी भरू देईनात. आमच्या विहिरीवर काकूनं नाही म्हटलं.

भूतखात्याच्या कामाला आता खेळाचा रंग राहिला नव्हता. मी आणि भाऊ ओट्यावर बसून दिनदर्शिकेवर खुणा करत होतो. पौर्णिमेला बारा, प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड. मैत्रीण बाजूला कोलंबी सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, उद्या सव्वादोनला वाजेल. भावानं विचारलं, तुला काय भुतानं सांगितलं? ती म्हणाली की भुताचं तिला माहीत नाही, पण उद्या तृतीया आहे, भरती सव्वादोनला.

मग तिनं समजावलं. बाप तिथीला पाऊणनं गुणतो. दोनाला दीड, तिनाला सव्वादोन, चारला तीन. तेवढे वाजता पाणी पुरं भरतं. पौर्णिमा-अमावास्येला बाराला. मी थक्क झाले. पाऊणकी मला तोंडपाठ होती, मास्तरांनी छडी मारून पाठ करून घेतली होती. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. ती कशाला लागते ते कोणी सांगितलं नव्हतं. इथं ही मुलगी, पाटी कधी हातात न धरलेली, पाऊणकी समुद्रावरून वाचत होती. आणि मधले दहा-अकरा दिवस तो गप्प का, हेही तिला ठाऊक होतं. तेव्हा भांगाची अपुरी भरती असते, पाणी आमच्या कुंपणापर्यंत चढतच नाही.

तृतीयेला आम्ही मुखवट्यांशिवाय गेलो. पत्र्याच्या माणसाच्या हातापासून दोरीच्या मागे मागे, फांद्यांतून, पडलेल्या खोपीवरून. दोरीचं टोक खोपीतून निसटून कुंपणाबाहेर काठावर पडलेलं असणार. कोणा माणसानं ती घट्ट दोरी पाहिली, ओढून बघितली, झाडाला पक्की बांधलेली आहे असं त्याला वाटलं, आणि तिला आपली होडी बांधून टाकली. पाणी चढलं की होडी वर येई, प्रवाहानं आत वळे, दोरी ताणे. जरा डुले की सैल सोडे. होडीच्या तालावर पत्र्याचा माणूस छाती बडवत होता.

"आमची हाय ती," मैत्रीण म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

काठ आमचा होता. तिथं होड्या बांधू देण्यावरून बाबांची आधीच कुरकुर होती. वाडीतली दोरी घेतली, भूत उठवलं, सगळं पीक सडवलं असं कळलं तर तिच्या बापाला काठावर पाय ठेवू देणार नाहीत, असं तिला वाटलं आणि आम्हालाही तेच वाटलं. भावाला डब्यांबद्दल, मला सदऱ्याबद्दल मार दिसत होता. मग भूतखात्यानं निकाल दिला. गाठ सोडायची, होडी तिवराच्या बुंध्याला बांधायची आणि गप्प बसायचं. भूत बंद झालं की गोष्ट संपली. तिघांनी खाडीचं पाणी हातात घेऊन शपथ घेतली. किती हलकं वाटलं होतं घरी येताना! मी उड्या मारत आले होते.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. सकाळी पाड्यावर उतारा झाला. तीनला आम्ही कान देऊन बसलो. डबा वाजला नाही.

चुलत भावाच्या लक्षात आधी आलं. तो एकदम उठून उभा राहिला. उतारा सकाळी झाला आणि भूत दुपारी थांबलं. थांबलं म्हणजे तिचंच होतं. आम्ही गाठ सोडली आणि तीच गाठ तिच्या गळ्यात पडली.

हे कळल्यावर तरी धावत जाऊन सांगावं की नाही? मी पाच दिवस सांगितलं नाही. रोज ठरवायची, रोज शपथ आठवायची, मैत्रिणीचा बाप आठवायचा, आणि खरं सांगायचं तर बाबांचा हात आठवायचा. आता त्या मायलेकी रोज आमच्या फाटकावरून जात. खाडीपलीकडे एक डबकं होतं, तिथून पाणी आणायला. आई पुढं हंडा घेऊन, मुलगी मागं लोटा घेऊन. ती माझ्याकडे बघत नसे. मुलगी बघायची. मला रात्री डबा ऐकू येऊ लागला. तो बंद होता, होडी तिवराला बांधलेली होती, गाठ मी माझ्या हातानं सोडली होती, तरी मला तो ऐकू यायचा. दोन ठोके, मग थांबणं, मग एक. मी उठून बसायची. भूत म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि पुन्हा कोणी समजावून द्यायची गरज पडली नाही.

नवमीच्या दिवशी बातमी आली की अमावास्येनंतर तिला पाड्यावरून काढणार. कुठं जाईल? तलासरीकडे दूरचे कोणी होते, तेही ठेवून घेणार नाहीत, नाव आधीच पोचलं होतं. मी जेवता जेवता ताटावरून उठले आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. सदरासुद्धा.

बाबांनी मला मारलं नाही. त्यांना हायसं वाटलेलं दिसत होतं. वाडीत भूत नाही, एवढंच त्यांना ऐकायला हवं होतं. मैत्रिणीच्या बापालाही ते काही बोलले नाहीत. मी मात्र त्यांना सोडलं नाही. पाड्यावर जाऊन सांगा म्हणून हटून बसले. बाबा मुकादमाला घेऊन गेले, आणि तसेच परत आले. शेटची मुलगी दयाळू आहे, तिला वाचवायला बोलते, असं पाड्यावर म्हणाले. दोरी दाखवली तर म्हणाले, दोरी होतीच, दोरीनं भूत येत नाही असं कोणी सांगितलं? खरं करून दाखवायचं तर पाणी हवं होतं. आणि पाणी अमावास्येशिवाय चढणार नव्हतं. समुद्राला काही आमची घाई नव्हती. सहा दिवस थांबावं लागलं. माझे पाच दिवस त्यात मिळवले तर ती माझ्यामुळं अकरा दिवस त्या डबक्याचं पाणी प्याली. तिच्या मुलीला त्या पाण्यानं हगवण लागली होती, हे मला नंतर कळलं.

अमावास्येला सगळे आले. भगतालाही आणलं. मैत्रिणीच्या बापानं हात जोडत होडी पुन्हा त्या दोरीला बांधली. आपण नक्की काय केलं आहे हे त्याला शेवटपर्यंत समजलं नव्हतं. बारा वाजले. पत्र्याचा माणूस हलेना. बाबा घड्याळ बघू लागले. मैत्रीण मात्र काठावर उकिडवी बसून पाण्याकडे बघत होती. ती म्हणाली, घड्याळ पुढं असेल. पाणी बोटभर चढलं, होडीचं नाक वळलं, दोरी ताणली गेली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होडीबरोबर हात वर गेला. तिच्या बापानं दोरी सोडली, हात पडला तो पडला. पुन्हा बांधली, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा एक म्हातारा हसला. मग सगळेच हसले. पोरं जाऊन त्या माणसाची मिशी ओढू लागली. भगतानं सदरा स्वतः उतरवून घडी घातली आणि माझ्या हातात दिला. मुकादम म्हणाला, आम्हाला आधीच वाटलं होतं. अशी माणसं सगळीकडे असतात.

ती आली नव्हती.

तिला सांगायला मी पळत गेले. मला वाटत होतं, मी काहीतरी देणार आहे. ती झोपडीच्या दाराशी बसली होती. मी एका दमात सगळं सांगितलं, डबे, दोरी, होडी, भरती. तू भुताळी नाहीस, पाड्यावरच राहायचं, विहीरसुद्धा मोकळी. सदरा तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उचलला नाही.

ती मला विचारू लागली. एकेक दिवस. प्रतिपदेला वाजला तोही होडीनं? हो. द्वितीयेला? हो. ती म्हणाली की त्या तीन दुपारी तिनं मुलीकडून आपले हात खांबाला बांधून घेतले होते. तरी वाजला. तेव्हा तिला वाटलं की हातानं नाही तर मनानं करत असेन. लोक म्हणतात ते खरंच असेल.

मग तिनं आत झोपलेल्या मुलीकडे बघितलं.

"चवथीच्या आदल्या रातीला मी त्याला मनात बोलले, आता नको येऊस, पोर भितं. दुसऱ्या दिशी नाय वाजला. माना वाटला, ऐकला त्यानं माझा." ती हळू बोलत होती. "तो पण होडीच होती काय?"

चवथीच्या आदल्या दुपारीच मी गाठ सोडली होती. मी दहा वर्षांची होते, पण खोटं बोलायला दहा वर्षं पुरतात. मला बोलता आलं असतं. मी हो म्हटलं.

"मंग तो आलाच नव्हता," ती म्हणाली. "एकदा पण."

ती रडली नाही. बरा झाला, म्हणाली, जा तू घरी, तुझी आई शोधत असेल. पुढच्या आठवड्यात ती खुडायला परत आली, आणि मी लग्न होऊन जाईपर्यंत आमच्याकडे येत राहिली. माझ्याशी ती कधी वाईट वागली नाही. मी तिचा जीव वाचवला असं घरात सगळे म्हणत, आणि ते म्हणत असताना ती तिथं असली की मला उठून आत जावं लागे. तिच्याकडे महिनाभर तिचा नवरा येत होता. त्याला मी घेऊन गेले.